त्रिपूर लागलेली दीपमाळ: फोटोत तेज कसं उतरवावं

कार्तिकी पौर्णिमेच्या संध्याकाळी कोकणातल्या देवळांत त्रिपूर लागतो. फोटो काढावा तर ज्योतींचे नुसते पांढरे ठिपके होतात, नाहीतर जांभ्याची दीपमाळ अंधारात गडप होते. एवढ्या लखलखीत ज्योती आणि एवढा गडद दगड एका क्लिकमध्ये मावत नाहीत. म्हणून एकाच जागेवरून तीन फोटो काढायचे आणि मग थर लावायचे.

सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, आभाळ गडद निळं असताना फोटो काढा. देऊळ किनाऱ्यालाच असेल आणि तुम्ही पुळणीवर उभे असाल, तर ट्रायपॉडचे पाय वाळूत घट्ट दाबा. ट्रायपॉड जरा जरी खचला, तरी तिन्ही फोटो एकमेकांवर बसत नाहीत. खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर चिकटा धरतो, तो मऊ कापडाने पुसत राहा. या चिकट्यानेही आपण पुढे देणार त्या तेजासारखा उजेड पसरतो, पण सगळीकडे सारखाच, आणि तो नंतर काढता येत नाही.

रॉ फॉरमॅट, एफ/८, आयएसओ २००, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास. शटर १/६० सेकंद ज्योतींसाठी, १/४ सेकंद मधल्या उजेडासाठी, ४ सेकंद दगड आणि आभाळासाठी. हे आकडे सुरुवातीपुरते. पडद्यावर बघून कमी-जास्त करा.

आता गिम्प हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उघडा. ते फुकट मिळतं. सर्वांत खाली १/४चा फोटो, त्यावर ४ सेकंदांचा, वर १/६०चा. वरच्या दोन्ही थरांना त्यांच्याच करड्या प्रतीचा मास्क द्या; मास्क पांढरा तिथे थर दिसतो, काळा तिथे लपतो. ४ सेकंदांच्या थराचा मास्क उलटा (काळ्याचा पांढरा) करून २०-२५ पिक्सेल धूसर करा, म्हणजे सांधे दिसणार नाहीत. १/६०च्या मास्कमध्ये लेव्हल्स (काळं-पांढरं कमी-जास्त करायचं साधन) वापरून ज्योती पांढऱ्या आणि बाकी सगळं काळं करा. तो ३-४ पिक्सेलच धूसर करा, कारण ज्योती बारीक असतात. त्या चार सेकंदांत कोणी पणतीत तेल घालताना हललं असेल, तर तेवढ्या जागी ४ सेकंदांच्या थराच्या मास्कवर काळा ब्रश फिरवा.

दिसणाऱ्या चित्राचा नवा थर करून त्याच्या दोन प्रती ठेवा. एक प्रत तेजासाठी. धूसर आणि स्पष्ट चित्र एकमेकांवर ठेवण्याची ही युक्ती मायकेल ऑर्टन या कॅनेडियन छायाचित्रकाराने १९८०च्या दशकात स्लाइड्स जोडून रूढ केली. तो सगळं चित्रच उजळायचा. दीपमाळेला ते शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे: उजेड ज्योतीतूनच यायला हवा. म्हणून आधी लेव्हल्सने काळोख इतका दाबा की ज्योती आणि त्यांच्याभोवतीचा दगडच उरेल. मग ४० पिक्सेल गॉशियन ब्लर, मोड स्क्रीन, अपारदर्शकता ३० टक्के. याच थराची प्रत घेऊन ती आणखी १५० पिक्सेल धूसर करा, १५ टक्क्यांवर ठेवा. दमट हवेत ज्योतीजवळ उजेड दाट आणि लांब विरळ असतो, तसाच तो दिसू लागतो.

दुसरी प्रत सर्वांत वर. तिला कडा उठवणारा हाय पास फिल्टर, त्रिज्या (गिम्पमध्ये Std. Dev.) ४, मोड ओव्हरले. मास्क पूर्ण काळा देऊन पांढऱ्या ब्रशने फक्त जांभ्यावर फिरा. दगडाची छिद्रं आणि कोनाड्यांच्या कडा उठून येतील. आभाळावर ब्रश नेऊ नका, तिथे नुसते दाणे उमटतात.

शेवटी तेजाचे दोन्ही थर शून्यावर आणून हळूहळू वाढवा. वरच्या ओळीतल्या ज्योती वेगवेगळ्या मोजता येईनाशा झाल्या, की चार टक्के मागे या.