तितर-लाव्यांसाठी जागा कशी बघायची

लांबून हिरवंगार दिसलं म्हणजे जागा चांगली असं अजिबात नाही, आधी खाली बसा आणि पिल्लाच्या उंचीवरून बघा. गवताच्या झुपक्यांमधे मोकळी माती दिसते का? पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे मुख्यतः किडे खाऊन वाढतात आणि गवत चटईसारखं दाट झालं की त्यांना चालताच येत नाही, आणि पावसात भिजली तर थंडीने मरतात. तणनाशक मारलं की तण जातं, तणावरचे किडे जातात, मग पिल्लं उपाशी (युरोपात राखी तितर कमी व्हायचं हे मोठं कारण).

बांध काढून सलग मोठं शेत केलं की घरट्याची जागाच संपते, म्हणून बांधावर जुनं वाळलेलं गवत राहू द्या. अंडी उबायला अडीच ते साडेतीन आठवडे लागतात, तेवढ्यात कापणी नको. कापायचंच असेल तर मधून सुरू करून कडेकडे जा, म्हणजे पक्ष्यांना पळायला वाट राहते, बाहेरून गोल गोल आत गेलात तर सगळे मधे अडकतात.

आणि माळावर उगाच झाडं लावू नका प्लीज, शिकारी पक्ष्यांना आयती बसायची जागा मिळते.