व्हिक्टोरियन खलाशाची पदकं वाचताना या चुका टाळा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या खलाशाची पदकं आणि नोंदी समोर आल्या की माणूस आधी जहाजाचं नाव बघतो, मग हुद्दा, आणि तेवढ्यावरून अख्खी हकिगत रचून मोकळा होतो. विल्यम हॉलच्या बाबतीत असं केलं तर पावलोपावली चुकायला होतं. हॉल कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा कृष्णवर्णीय खलाशी, अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. तो १८५२ मध्ये ब्रिटिश आरमारात भरती झाला आणि १८७६ मध्ये निवृत्त झाला. मधल्या काळात त्याने व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळवला.

हुद्द्याचा अर्थ शब्दावरून लावू नका

१ फेब्रुवारी १८५९ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, हॉलच्या नावापुढे ‘कॅप्टन ऑफ द फोरटॉप’ असं छापलं आहे. हे वाचून त्याला जहाजाचा कप्तान समजणारे भेटतात. फोरटॉप म्हणजे पुढच्या डोलकाठीवरचा माचा. तिथे चढून शिडं सांभाळणाऱ्या टोळीचा हा मुकादम. जहाजाचा खरा कप्तान होता विल्यम पील.

जहाजाचं नाव म्हणजे लढाईची जागा नव्हे

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. हॉलचं जहाज ‘शॅनन’. ते १८५७ च्या उठावाच्या वेळी हाँगकाँगहून कलकत्त्याला आलं आणि तिथेच राहिलं. पील खलाशांची तुकडी आणि जहाजावरच्या तोफा घेऊन गंगेतून अलाहाबादला गेला आणि तिथून पुढे कानपूर-लखनौकडे सरकला. म्हणजे हॉलने क्रॉस मिळवला तो समुद्रापासून शेकडो मैल आत, लखनौच्या शाह नजफपाशी. काही लेखांत शाह नजफला किल्ला म्हटलेलं असतं. तो अवधचा पहिला बादशहा गाझीउद्दीन हैदर याचा मकबरा आहे.

१६ नोव्हेंबर १८५७. एका चोवीस पौंडी तोफेवर माणूस कमी पडला म्हणून हॉल आपणहून पुढे झाला. (चोवीस पौंड हे गोळ्याचं वजन, साधारण अकरा किलो. तोफ त्याच्या कितीतरी पट जड.) तोफ डागली की धक्क्याने मागे यायची. ती पुन्हा हातांनी रेटून भिंतीशी न्यायची, भरायची, डागायची, आणि वरून गोळ्यांचा मारा चालूच. तोफेवरची माणसं एकेक करून पडली. शेवटी उरले दोघे, हॉल आणि जखमी लेफ्टनंट थॉमस यंग. भिंतीला खिंडार पडेपर्यंत ते थांबले नाहीत. क्रॉस दोघांनाही मिळाला. हॉलला तो २८ ऑक्टोबर १८५९ रोजी आयर्लंडमधल्या क्वीन्सटाउन बंदरात ‘डोनेगल’ जहाजावर दिला गेला, म्हणून राणीने स्वतः छातीवर लावला असं लिहू नका.

पट्टी नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता, असं धरू नका

रिबिनीवर बसवलेल्या धातूच्या पट्टीला क्लॅस्प म्हणतात. इंडियन म्युटिनी मेडलला, म्हणजे १८५७ च्या उठावात लढलेल्यांना ब्रिटिशांनी दिलेल्या पदकाला, पाचच पट्ट्या ठरल्या होत्या. दिल्लीची एक, लखनौच्या तीन, मध्य भारताची एक. कानपूरची पट्टीच नाही. ६ डिसेंबर १८५७ रोजी कानपूरला तात्या टोपे यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत ‘शॅनन’च्या तोफा होत्या, पण पदकावर त्याची काही खूण नाही. आपल्या दृष्टीने एवढी मोठी लढाई, आणि त्या खलाशांच्या पदकावरून ती कळतसुद्धा नाही! हे मला फार लागतं. ‘पर्ल’ जहाजाच्या खलाशांना तर हे पदक बिनपट्टीचंच मिळालं, आणि तेही जमिनीवर लढलेच होते.

निनावी पदक खोटं नसतं

रशियाविरुद्धच्या क्रिमिया युद्धाची बाल्टिक पदक आणि तुर्की क्रिमिया पदक ही पदकं खलाशांना निनावीच, म्हणजे कडेवर नाव न घालता, मिळाली. आरमाराची बरीचशी क्रिमिया पदकंही तशीच. पुढे कित्येकांनी पदरच्या पैशाने नाव घालून घेतलं. पदक हातात आलं तर कड भिंगाखाली धरा आणि सावकाश फिरवा. ठशाने दाबून उमटवलेलं अक्षर सारख्या खोलीचं असतं. हाताने कोरलेल्या अक्षरात हत्याराची बारीक रेघ दिसते, कुठे खोल, कुठे उथळ. म्युटिनी मेडलवर मात्र नाव आणि जहाज असायला हवं. ते घासून काढलेलं दिसलं तर सावध व्हा.

रिबिनीचा रंगही बघा. १९१८ पर्यंत आरमारातल्या व्हिक्टोरिया क्रॉसची रिबीन निळी होती, किरमिजी रंग लष्कराचा. कृष्णधवल फोटो रंगवताना हे सर्रास चुकतं.

कागद कोणत्या साली सुरू होतात ते आधी बघा

सलग सेवेची पद्धत, म्हणजे एकेका जहाजापुरती नव्हे तर ठरावीक वर्षांसाठी भरती, १८५३ मध्ये आली. त्याआधीच्या खलाशासाठी प्रत्येक जहाजाचे हजेरीपट चाळावे लागतात. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते आहेत, पण त्यासाठी जहाजाचं नाव ठाऊक पाहिजे. नोंदीत ‘व्हिक्टरी’, म्हणजे नेल्सनचं गाजलेलं जहाज, दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते पोर्टस्मथला नांगरून ठेवलेलं होतं, आणि दोन नेमणुकांच्या मधली माणसं नुसती त्याच्या पटावर असत. वयावरही भिस्त ठेवू नका. हॉलचंच जन्मसाल कुठे १८२७, कुठे १८२९ छापलेलं आहे.

थडग्याचा दगडही पुरावा म्हणून घाईने घेऊ नका. हॉल १९०४ मध्ये वारला तेव्हा त्याच्या कबरीवर साधी खूणही नव्हती. १९४५ मध्ये त्याचे अवशेष नोव्हा स्कॉशियातल्याच हँट्सपोर्टला नेले, आणि आज तिथे जे स्मारक दिसतं ते त्यानंतरचं.