छतावरच्या दिव्याची शेड बदलताना या चुका टाळा

नवी काचेची शेड लावली आणि थोड्याच दिवसांत काठाला तडा गेला, तर काचेला दोष देण्याआधी बाजूचे तीन स्क्रू बघा. दिवा लागला की काच तापून किंचित प्रसरण पावते. स्क्रू पक्कडीने गच्च आवळलेले असले तर तिला जागाच उरत नाही. पक्कड वापरूच नका. तिन्ही स्क्रू चिमटीने, आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, काचेला टेकले की थांबा आणि पाव फेरा मागे घ्या. स्क्रूची टोकं काचेच्या ओठाच्या, म्हणजे मानेच्या वरच्या बाहेर आलेल्या कडेच्या, खाली, मानेच्या खाचेत बसली पाहिजेत, कारण शेडचा भार त्या ओठावर असतो. खाली हात धरूनच शेड हलवून पाहा. किंचित हलली तरी चालेल, कललेली मात्र नको.

मधोमध एकच नट असलेल्या शेडमध्ये काच आणि नट यांच्यात वॉशर असतो. जुनी शेड काढताना तो हमखास पडून हरवतो, आणि मग धातू थेट काचेवर रुततो.

विकत घेताना लोक शेडची रुंदी मोजतात. मोजायचा असतो मानेचा बाहेरचा व्यास. लटकत्या दिव्याला होल्डरचं माप लागतं: आट्यांच्या ई२७ होल्डरसाठी शेडचं भोक साधारण ४० मिमी, पिनांच्या बी२२ साठी साधारण २९ मिमी. भोक मोठं निघालं तर जोडरिंग मिळते.

भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं कृपया समजू नका. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते. एमसीबी (वीजपेटीतला खटका) खाली करा, टेस्टरने खात्री करा, बल्ब गार होऊ द्या.

जुनी शेड निघत नसेल तर बहुधा रंगकामात तिचा काठ छताला चिकटलेला असतो. ओढू नका, पातळ ब्लेडने रंगाची रेघ कापा. काढताना तिन्ही स्क्रू एकदम सोडू नका. दोन सैल करा, शेड तळहातावर पेला आणि ती तिरकी करून उतरवा.

उघड्या शेडच्या जागी बंद घुमट बसवणार असाल तर होल्डरवरची वॉटची मर्यादा वाचा. एलईडी बल्बही बंद जागेत तापतो आणि लवकर जातो, त्यामुळे खोक्यावर बंद फिटिंगला चालतो असं लिहिलेलाच घ्या.