श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर भर

पुण्यात हिंजवडीहून वारज्याला दुचाकीवर घरी पोचेपर्यंत माझे खांदे कानाला भिडलेले असायचे. घरच्यांवर चिडचिड, रात्री छातीत धडधड. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. धडधडत असेल तर आधी हे करून घ्याच.

मग श्वासाकडे वळलो. "दीर्घ श्वास घे" असं जो तो सांगतो, पण जोरजोरात हवा ओढून मला गरगरायलाच लागायचं. खरी मेख सोडण्यात आहे. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर पडताना मंदावतात. ही करामत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची. मनगटावर नाडी धरून बसलात तर बऱ्याच जणांच्या बोटांना फरक कळतो. म्हणून पूरक (श्वास घेणं) आखूड, रेचक (सोडणं) लांब. मी नाकाने ४ सेकंद घेतो, ६ सेकंद सोडतो, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. एक हात पोटावर. हात हलला पाहिजे, खांदे नाही.

चांदणी चौकात सिग्नलला करून पाहिलं, पण त्या धुरात कसला आलाय प्राणायाम! आता ऑफिसच्या पार्किंगमध्येच, हेल्मेट चढवण्याआधी पाच मिनिटं बसतो. सिक्युरिटीवाले काका आधी टक लावून बघायचे, आता बघत नाहीत. रात्री भ्रामरीही करतो, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखा गुणगुणतो. पोरगं खिदळतं, खिदळू दे.

कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या, वाटेला मात्र मी जात नाही. ते जाणकार शिक्षकासमोरच करावं. आणि गरगरलं तर आकडे सरळ ३ आणि ४ वर आणा.