माजी जोडीदार आर्थिक माहिती दडवत असेल, तर इंग्लंडमध्ये स्वतःची बाजू स्वतः कशी मांडावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये घटस्फोटातील आर्थिक वाटणीचा अर्ज न्यायालयात दाखल झाला, की दोन्ही बाजूंना आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि निवृत्तिवेतन यांचा पूर्ण तपशील ‘फॉर्म ई’मध्ये भरून पहिल्या सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी एकमेकांना द्यावा लागतो. माजी जोडीदार तो देतच नसेल किंवा अर्धवट देत असेल, तर वकिलाविना लढणाऱ्याचा हात आधी संतप्त पत्रांकडे जातो. त्यांतून फारसे काही साधत नाही, कारण अर्ज दाखल झाल्यापासून पहिल्या सुनावणीपर्यंत फॉर्मसोबतच्या कागदांखेरीज इतर कागदपत्रे परस्पर मागण्याची मुभा नियमांतच नाही. फॉर्मची आठवण करून देणारे एक सभ्य पत्र पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी आणि आपला स्वतःचा फॉर्म मात्र वेळेत, सर्व जोडपत्रांसह द्यावा. ज्याचे स्वतःचेच कागद अपुरे, त्याच्या तक्रारीला वजन उरत नाही.

आपल्या हातातले खरे साधन म्हणजे प्रश्नावली, म्हणजे समोरच्याच्या फॉर्मवर विचारलेले लेखी प्रश्न. ती पहिल्या सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी दाखल करून दुसऱ्या बाजूलाही द्यावी लागते. फॉर्मसोबत प्रत्येक बँक खात्याची मागील बारा महिन्यांची विवरणे जोडलेली असणे अपेक्षित असते. ती ओळीओळीने वाचावीत. दरमहा एखाद्या अनोळखी खात्यात जाणारी रक्कम, फॉर्ममध्ये न दाखवलेल्या घराच्या विम्याचा हप्ता, अर्ज दाखल होण्याच्या सुमारास अचानक घटलेला पगार, अशा जागी खूण करावी आणि प्रश्न तिथूनच काढावा. ‘तुम्ही पैसे लपवले आहेत’ या वाक्याला नुसता नकार पुरतो. ‘अमुक तारखेला या खात्यातून गेलेली रक्कम कोठे जमा झाली ते सांगावे आणि त्या खात्याची बारा महिन्यांची विवरणे द्यावीत’ या मागणीला मात्र कागदानेच उत्तर द्यावे लागते. प्रश्न मोजके असावेत, कारण पन्नास किरकोळ प्रश्नांच्या गर्दीत महत्त्वाचे पाच हरवतात आणि न्यायाधीश प्रश्नावलीला कात्री लावू शकतात.

कंपन्यांचे दाखल झालेले हिशेब कंपनीज हाउस या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या नोंदींत विनामूल्य पाहता येतात, तर घराची मालकी लँड रजिस्ट्री या जमीन-घर नोंदणी कार्यालयात शुल्क भरून तपासता येते. जोडीदाराचा ईमेल किंवा संगणक गुपचूप उघडणे मात्र पूर्णपणे टाळावे. अशा रीतीने मिळवलेले कागद परत करावे लागतात, हे अपील न्यायालयाने २०१० मध्ये इमरमन प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पहिल्या सुनावणीत कोणते कागद कोणत्या तारखेपर्यंत हवेत, हे नेमके सांगणारा आदेश मागावा. त्यानंतर न्यायालयाच्या निर्देशाशिवाय किंवा परवानगीशिवाय आणखी कागद मागता येत नाहीत, म्हणून या दिवशी काहीही राहून जाऊ देऊ नये. फॉर्मच आला नसेल, तर आदेशावर शिक्षेची ताकीद नोंदवण्याची विनंती करावी. तशी नोंद असलेला आदेश मोडल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. तरीही टाळाटाळ झाली, तर ‘डी११’ अर्जाद्वारे थेट बँकेला किंवा जोडीदाराला नोकरी देणाऱ्याला कागद सादर करण्याचा आदेश मागता येतो. मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर होत असल्याची चिन्हे दिसल्यास १९७३ च्या मॅट्रिमोनियल कॉझेस कायद्याच्या कलम ३७ खाली ते व्यवहार रोखण्यासाठी तातडीने अर्ज करावा.

माहिती शेवटपर्यंत मिळाली नाही, तर ती दडवणाऱ्याविरुद्ध न्यायाधीश प्रतिकूल अनुमान काढू शकतात, म्हणजे दाखवले त्याहून अधिक त्याच्याकडे आहे असे धरू शकतात, आणि त्याच्यावर खर्चही बसवू शकतात. मात्र अनुमानालाही आधार लागतो. जाहीर केलेले उत्पन्न आणि प्रत्यक्षातला खर्च यांतली तफावत आकड्यांनी दाखवणारे एक पान इथे लांबलचक निवेदनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

तडजोडीच्या सुनावणीत थकव्यापोटी सही करण्याचा मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. फसवणूक करून मिळवलेला संमतीचा आदेश पुन्हा उघडता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये शार्लंड आणि गोहिल या प्रकरणांत ठरवले असले, तरी तिथवर पोहोचायला वर्षे लागतात. तेव्हा प्रश्नावलीतील कोणत्या प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत, याची यादी त्या दिवशी हाताशी ठेवावी आणि ती न्यायाधीशांसमोर मांडल्याशिवाय कशावरही सही करू नये.