शेळी व्याली, घरात दूध कधीपासून घ्यायचं?

शेळी गाभण राहिली की साधारण १५० दिवसांनी विते, त्यामुळे फळल्याची तारीख लिहून ठेवली असेल तर तयारीला भरपूर वेळ मिळतो. विण्याच्या दोन महिने आधी तिचं जुनं दूध आटवा. तेवढ्या काळात कासेला विसावा मिळतो आणि चीक चांगला उतरतो. आटवताना सडात औषध भरलं असेल, तर त्याचं नाव, भरल्याची तारीख आणि दूध किती दिवस वापरायचं नाही हे वेष्टनावर बघून वहीत उतरवून ठेवा. शेळी ठरल्यापेक्षा लवकर व्याली, तर हीच नोंद लागते.

विण्याची जागा कोरडी करा. नाळेला लावायला टिंचर आयोडीन, स्वच्छ फडकी, बाटली आणि हातमोजे जवळ असू द्या. हातमोज्यांचा कंटाळा करू नका, कारण वारेतून आणि विताना येणाऱ्या पाण्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार माणसाला होतात. घरात कुणी गरोदर असेल, तर तिला या कामापासून लांबच ठेवा.

आता चिकाचं. पहिल्या दिवसाचा चीक करडांचा, त्यात घरच्यांचा वाटा नाही. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासातासाने घटते आणि दिवसभरात संपते. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत करडू सडाला लागलंच पाहिजे. चोवीस तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक त्याच्या पोटात जायला हवा, म्हणजे तीन किलोच्या करडाला सुमारे ३०० मिली. सडाच्या तोंडाशी घट्ट बूच बसलेलं असतं, ते आधी दोन धारा काढून मोकळं करा. करडं पिऊन चीक उरलाच, तर छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पुढे एखादी शेळी पान्हावली नाही तर तो जीव वाचवतो. वापरताना कोमट पाण्यात वितळवा. उकळलात तर त्यातला गुण जातो.

चिकाचं दूध व्हायला चार-पाच दिवस लागतात. पिवळेपणा आणि चिकटपणा कमी होत जातो, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. छोट्या पातेल्यात वाटीभर घेऊन मंद आचेवर उकळा. घट्ट होऊन गोळा धरला, तर त्यात अजून चीक आहे. सरळ वर आलं, तर दूध तयार आहे.

तयार झालं म्हणून लगेच काढावंच असं नाही. करडं आईलाच पीत असतील, तर माझ्या मते पहिले दोन आठवडे त्यांना पोटभर पिऊ द्यावं. मग रात्री करडं वेगळी बांधून सकाळची एक धार घरात घ्यावी आणि दिवसभर त्यांना मोकळं सोडावं. दर आठवड्याला करडं तोला. वजन वाढायचं थांबलं की आपला वाटा बंद. तिळी असतील तर आणखी सबुरी हवी.

रोज पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढून नीट बघा. गाठी, पाणचटपणा किंवा रक्त दिसलं, तर ते दूध घरात नको. विल्यानंतर पहिले काही दिवस थोडी गुलाबी झाक येऊ शकते, कारण ताणलेल्या कासेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पण कास गरम, दगडासारखी कडक असेल आणि हात लावू देत नसेल, तर तो कासदाह आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

शेळी धडधाकट दिसली तरी दूध उकळूनच प्या, लहान मुलांना तर कच्चं कधीच देऊ नका. आणि वार अडकली म्हणून प्रतिजैविक किंवा नंतर जंतनाशक दिलं असेल, तर दूध किती दिवस टाळायचं हे डॉक्टरांना विचारा आणि शेवटच्या डोसापासून ते दिवस मोजा, मग उकळून बघितलेलं दूध कितीही छान दिसो.