१,२३,४५,६७८ चे गुणधर्म कागदावर कसे काढावेत

मोठ्या संख्येला विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती पूर्णवर्ग आहे का, हे प्रश्न सुटे सुटे सोडवत बसू नये. आधी मूळ अवयव पाडावेत, बाकीचं त्यातूनच निघतं. उदाहरणाला १,२३,४५,६७८ घेऊ.

शेवटचा अंक ८, म्हणजे २ ने भाग जातो. शेवटच्या दोन अंकांना, ७८ ला, ४ ने भाग जात नाही, म्हणून २ एकदाच. अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने भाग जातो. १८ ने भागल्यावर उरतात ६,८५,८७१. यांच्या अंकांची बेरीज ३५, तेव्हा ३ संपला. एककस्थानी १ असल्याने ५ चाही प्रश्न मिटला.

७, ११ आणि १३ एका फटक्यात तपासता येतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून वजाबाकी करा: ८७१ − ६८५ = १८६. तिघांपैकी कोणीच १८६ ला भागत नाही, म्हणून ६,८५,८७१ लाही नाही. इथे स्वल्पविराम हमखास दगा देतात. ते लाख-कोटींच्या हिशेबाने पडलेले असतात; त्यांच्यावर विसंबलात तर ६, ८५, ८७१ असे तुकडे होतात आणि कसोटी फसते.

१७ पासून सरळ भागाकार करावा. ४३ पर्यंत प्रत्येक वेळी बाकी उरते. ४७ ने मात्र पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो १४,५९३. थांबायची हद्द आता नव्याने ठरवायची. आधी ती ६,८५,८७१ च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे ८२८ होती. आता १४,५९३ च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे फक्त १२०. जुनीच हद्द धरली तर शंभराहून जास्त भागाकार फुकट जातात. ४७ पुन्हा एकदा लावून बघा (तोच अवयव दोनदा येऊ शकतो), मग ११३ पर्यंतच्या मूळ संख्या. एकीनेही भाग जात नाही, म्हणून १४,५९३ मूळ.

१,२३,४५,६७८ = २ × ३² × ४७ × १४,५९३

पुढे जाण्याआधी उलट गुणाकार करून ताळा घ्या.

विभाजकांच्या संख्येसाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: २ × ३ × २ × २ = २४. बेरजेसाठी (१+२)(१+३+९)(१+४७)(१+१४,५९३) = २,७३,१९,९६८. दुसऱ्या कंसातला मधला ३ विसरणं ही नेहमीची चूक. बेरजेतून खुद्द संख्या वजा केली की १,४९,७४,२९० राहतात, संख्येपेक्षा जास्त. म्हणजे ही विपुल संख्या. तसं ६ च्या पुढची ६ ची प्रत्येक पट विपुलच असते, पण आकडा हवा तर गणित करावंच लागतं. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती? (२−१)(९−३)(४७−१)(१४,५९३−१), म्हणजे १ × ६ × ४६ × १४,५९२ = ४०,२७,३९२.

पूर्णवर्ग नाही, हे शेवटच्या ८ वरूनच कळतं. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही ती लिहिता येत नाही: त्यासाठी ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम लागतो; ४७ ला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि त्याचा घातांक विषम आहे.

अंक पंधराच्या वर गेले तर स्प्रेडशीटवर विसंबू नका. एक्सेल पंधराव्या अंकापुढे गुपचूप शून्यं भरतं, आणि मग तुम्ही भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता.